अकरा-एक की नऊ-तीन? कॉलेज फुटबॉलच्या मोजणीच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

प्रश्न असा: बारापैकी अकरा सामने जिंकलेला इंडियाना आणि नऊ जिंकलेला अलाबामा, यांपैकी २०२४ च्या प्लेऑफमध्ये (विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या बाद फेरीत) जागेवर हक्क कोणाचा? निवड समितीने ८ डिसेंबरला निकाल दिला. इंडियाना आठव्या क्रमांकावर, म्हणून आत. अलाबामा अकराव्या क्रमांकावर असूनही बाहेर, कारण बारापैकी पाच जागा कॉन्फरन्सच्या (संघांच्या गटांच्या) विजेत्यांसाठी राखीव असतात आणि त्यांतून बाराव्या क्रमांकाचा ॲरिझोना स्टेट आणि सोळाव्या क्रमांकाचा क्लेमसन आत आले.

मी राहते इंडियानापोलिसला, धाकटा भाऊ अलाबामातल्या बर्मिंगहॅमला. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच लिहून ठेवते. त्याचं म्हणणं: "ताई, तुझा इंडियाना खेळलाय तरी कोणाशी?" माझं म्हणणं: एरवी दुबळ्या समजल्या जाणाऱ्या व्हॅंडरबिल्टशी हरणाऱ्याने हे विचारू नये. सहा महिने आम्ही दोघं याच दोन वाक्यांवर आहोत. आता मोजायचं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी: हा हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल, विद्यापीठांचा. २०२४ मध्ये वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, १३४ संघ होते. प्रत्येकाचे साधारण बारा सामने. त्यांतले आठ-नऊ आपापल्या कॉन्फरन्समध्ये, उरलेले ज्याचे त्याने ठरवलेले. सगळ्यांना समान वेळापत्रक ही गोष्टच नाही. म्हणून नुसतं 'किती जिंकले' विचारून भागत नाही, 'कोणाशी' हेही विचारावं लागतं. वेळापत्रकाची ही काठिण्यपातळी कशी मोजायची, यावर इथली अर्धी भांडणं.

७ जून

२०२४ च्या निकालांची फाइल तयार. रकाने: तारीख, यजमान, पाहुणा, गुण, मैदान त्रयस्थ आहे का. बोल सामने (हंगामानंतरचे निमंत्रणाचे सामने) आणि प्लेऑफ वेगळ्या पानावर ठेवले, कारण डिसेंबरमध्ये समितीपुढे ते नव्हते. जे समितीला दिसत होतं तेवढंच मलाही दिसलं पाहिजे. नाहीतर ३१ डिसेंबरला मिशिगनने अलाबामाला १९-१३ हरवलं हे वाक्य मी रोज लिहीन.

८ जून

गणिताआधी जाळं. संघ म्हणजे ठिपका, सामना म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ.

१३४ संघांच्या जोड्या होतात ८,९११. प्रत्येकी बारा सामने धरले तर सामने फार तर ८०४. म्हणजे शंभरातल्या नऊ जोड्या एकमेकांसमोर येतात, बाकीच्या ९१ येत नाहीत. आयपीएलमध्ये दहा संघ आणि प्रत्येकी चौदा सामने असल्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाला एकदा तरी भेटतो. दोनदा कोण वाट्याला येणार एवढाच काय तो नशिबाचा भाग. इथे न भेटणं हाच नियम आहे.

त्यातही रेघा सारख्या पसरलेल्या नाहीत. कॉन्फरन्सच्या आत दाट, दोन कॉन्फरन्सच्या मध्ये विरळ. आमच्या भांडणातल्या दोन कॉन्फरन्स, म्हणजे अलाबामाची एसईसी (१६ संघ) आणि इंडियानाची बिग टेन (१८ संघ), यांच्या जोड्या होतात २८८. नियमित हंगामात त्यांच्यात झालेले सामने चार:

यूएससी २७, एलएसयू २०.
टेक्सस ३१, मिशिगन १२.
अलाबामा ४२, विस्कॉन्सिन १०.
एलएसयू ३४, यूसीएलए १७.

झालं. 'एसईसी बिग टेनपेक्षा भारी' या वाक्याला त्या हंगामातला थेट पुरावा एवढाच. एसईसीच्या बाजूने तीन-एक, आणि चारपैकी दोन सामन्यांत एकच एलएसयू.

इंडियाना ते अलाबामा सगळ्यात जवळची वाट काढली: इंडियाना–यूसीएलए–एलएसयू–अलाबामा. इंडियानाने यूसीएलएला ४२-१३ हरवलं, अलाबामाने एलएसयूला ४२-१३ हरवलं. गुणही तेच! भावाला पाठवलं. त्याचं उत्तर: "मग? मधल्या सामन्यात एलएसयू जिंकली ना." बरोबर आहे, जिंकली.

१५ जून

पहिली पद्धत, सगळ्यांत जुनी: प्रतिस्पर्ध्यांची जिंकण्याची टक्केवारी काढा, त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची मिसळा. १९९८ पासून २००३ पर्यंत बीसीएसच्या (प्लेऑफच्या आधी अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या) सूत्रात हीच होती: दोन तृतीयांश पहिली, एक तृतीयांश दुसरी.

२००३ मध्ये तिचं काय झालं ते इथे जगजाहीर आहे. यूएससी पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या दोन्ही मतदानांत पहिला, पण सूत्रात तिसरा. अंतिम सामना खेळले ओक्लाहोमा आणि एलएसयू, आणि त्यातला ओक्लाहोमा आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना कॅन्सस स्टेटशी ३५-७ असा हरून आलेला. त्या शेवटच्या शनिवारी हवाई बॉइझी स्टेटशी हरलं आणि नोटर डेम सिराक्यूसशी. दोघेही यूएससीचे आधीचे प्रतिस्पर्धी, त्यामुळे यूएससीची काठिण्यपातळी घसरली. आपण मैदानात नसताना, दुसऱ्याच गावात, आपला हंगाम हलका होतो. पुढच्या वर्षी सूत्रातून हा घटक स्वतंत्रपणे काढून टाकला.

मला त्यातली दुसरी खोट जास्त खटकते, ती कागदावरच दिसते. कॉन्फरन्सच्या आतल्या प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो. सगळ्यांची बेरीज निम्मी-निम्मीच. म्हणजे कॉन्फरन्सची सरासरी ठरते ती फक्त बाहेरच्या सामन्यांवर. आता समजा बाहेरचे सगळे सामने दुबळ्यांशी ठेवले आणि सगळे जिंकले. आत आठ सामने खेळणाऱ्या कॉन्फरन्सची सरासरी होते ८-४ (चार आतले, चार बाहेरचे). आत नऊ खेळणाऱ्यांची साडेसात-साडेचार. २०२४ मध्ये एसईसी आठ खेळली, बिग टेन नऊ. म्हणजे अर्धा विजय फुकटात, आणि तो पुन्हा 'आमचे प्रतिस्पर्धी बघा किती जिंकलेत' म्हणून दाखवता येतो.

पद्धत बाद.

२२ जून

कॉली मॅट्रिक्स. वेस्ली कॉली हे खगोलभौतिकीतले. बीसीएस वापरत असलेल्या सहा संगणकी क्रमवाऱ्यांमध्ये पूर्ण सूत्र जाहीर असलेली ही एकच. गुणांचा फरक बघत नाही, मागचं वर्ष बघत नाही, फक्त कोण कोणाशी जिंकलं.

मूळ कल्पना सुंदर आहे. टक्केवारीऐवजी (विजय + १) भागिले (सामने + २). एकही सामना न खेळलेला संघ ०.५ वर, एक जिंकला की एकदम शंभर टक्के होत नाही, दोन तृतीयांश होतो. मग प्रत्येकाच्या आकड्यात प्रतिस्पर्ध्यांचे आकडे घालायचे आणि सगळी समीकरणं एकदम सोडवायची. हाताने करून पाहिलं: अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, अ आणि क भेटलेच नाहीत. उत्तर: अ दोन तृतीयांश, ब निम्मा, क एक तृतीयांश. न झालेल्या सामन्याबद्दलही मत मिळालं.

जाहीर सूत्राचा फायदा २०१० मध्ये दिसला. कॉलींच्या यादीत खालच्या विभागातला, एफसीएसमधला, एक सामना घालायचा राहिला होता. बाहेरच्या माणसाने तो शोधला, आणि बीसीएसच्या अंतिम यादीत दहाव्या-अकराव्या क्रमांकावर असलेल्या एलएसयू आणि बॉइझी स्टेटची अदलाबदल झाली. ज्या सामन्याकडे दोघांच्याही चाहत्यांनी ढुंकून पाहिलं नसेल, त्याने. बाकीच्या पाच सूत्रांत असं काही राहिलं असतं तर ते कोण शोधणार होतं?

२९ जून

ब्रॅडली-टेरी. १९५२ चं मॉडेल, पण त्सेर्मेलोने १९२९ मध्येच बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी हेच मांडलं होतं. प्रत्येक संघाला ताकदीचा एक आकडा. दोघांच्या आकड्यांतला फरक शून्य असेल तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के, फरक २ असेल तर ८८ टक्के.

अडचण लगेच समोर. ऑरेगन निवडीच्या दिवशी १३-०. न हरलेल्या संघाची ताकद हे मॉडेल अनंताकडे पळवतं. संगणक फिरत राहतो, आकडा वाढत राहतो. उपाय जुनाच: प्रत्येक संघाला एका काल्पनिक सरासरी संघाशी एक विजय आणि एक हार बहाल करायची. कॉलींचे +१ आणि +२ म्हणजे हेच, वेगळ्या कपड्यांत.

या मॉडेलचा एक गुण पहिल्यांदा वाचला तेव्हा पटला नव्हता. वेळापत्रक एकदा ठरलं की तुम्ही कोणाला हरवलं याने तुमच्या आकड्यात फरक पडत नाही. एकूण किती जिंकले तेवढंच लागतं. जॉर्जियाला हरवून व्हॅंडरबिल्टशी हरा, किंवा उलट करा, बेरीज तीच. भावाला फोनवर सांगितलं. "म्हणजे जॉर्जियाला ४१-३४ हरवलं त्याला किंमतच नाही?" आहे. पण व्हॅंडरबिल्टच्या ४०-३५ ला तेवढीच आहे.

तो पटवून घेणार नाही म्हणून हिशेब लिहून पाठवला. एखादा सामना जिंकण्याची शक्यता प आहे. जिंकलात तर जमा (१ − प), हरलात तर वजा प. तगड्याशी जिंकलं की जमा मोठी, तगड्याशी हरलं की वजाबाकी छोटी. सगळ्यांना हवं असतं ते हेच. बारा सामन्यांची बेरीज करा: एकूण विजय वजा सगळ्या प ची बेरीज. कोणाला हरवलं हे बेरजेतून आपोआप गळून पडतं. टीव्हीवर 'दर्जेदार विजय' आणि 'लाजिरवाणी हार' अशा दोन वेगळ्या यादींवर तासभर चर्चा चालते. खातं एकच आहे.

६ जुलै

आजचं काम या सगळ्या प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

दोन काल्पनिक वेळापत्रकं घेतली. सपाट: बाराही प्रतिस्पर्धी अगदी सरासरी, ताकद ०. खडबडीत: सहा तगडे (+१.५), सहा दुबळे (−१.५). दोन्हींची सरासरी शून्य. कुठलंही सरासरीवर चालणारं सूत्र दोघांना एकच काठिण्यपातळी देईल.

आता त्यावरून तीन संघ पळवले.

उत्तम संघ (ताकद २): सपाट वेळापत्रकात अपेक्षित विजय १०.५७, खडबडीत ९.५६.
मधला संघ (ताकद ०): दोन्हीकडे बरोबर ६.
दुबळा संघ (ताकद −२): सपाट १.४३, खडबडीत २.४४.

म्हणजे जे वेळापत्रक उत्तम संघाचा एक अख्खा विजय खातं, तेच दुबळ्या संघाला एक विजय देतं. आणि मधल्याला काहीच फरक नाही. 'अवघड वेळापत्रक' हे कोणासाठी अवघड, हे सांगितल्याशिवाय अर्धंच वाक्य आहे.

टोकाला फरक आणखी वाढतो. उत्तम संघाने बाराच्या बारा जिंकण्याची शक्यता सपाट वेळापत्रकात २२ टक्के, खडबडीत ५ टक्के. किमान अकरा जिंकण्याची ५७ विरुद्ध २३. समिती जेव्हा ११-१ आणि १२-० कडे बघते तेव्हा ती याच टोकाला बघत असते, आणि नेमकं तिथेच सरासरी आंधळी असते.

उत्तम संघाला सहाव्या दर्जाचा प्रतिस्पर्धी आणि नवव्या दर्जाचा प्रतिस्पर्धी यांत फरक जाणवत नाही. ९७ टक्के काय आणि ९९ टक्के काय. त्याला फरक पडतो तो पहिल्या दर्जाचे किती, यानेच. तेव्हा प्लेऑफसाठीची काठिण्यपातळी मोजायची तर एक संदर्भ-संघ धरायचा, प्लेऑफच्या उंबरठ्यावरचा, आणि विचारायचं: तुझं वेळापत्रक त्याला दिलं असतं तर तो किती जिंकला असता?

१३ जुलै

आता खरे संघ. पूर्ण मॉडेल चालवण्याआधी भावाला कागदावर तपासता येईल असा ढोबळ हिशेब हवा होता. नियम दोघांना सारखा: चार मोठ्या कॉन्फरन्समधले (एसईसी, बिग टेन, एसीसी, बिग ट्वेल्व), नियमित हंगामात आठ किंवा जास्त जिंकलेले ते तगडे, सहा-सात जिंकलेले मधले, बाकी सगळे दुबळे. संदर्भ-संघ २ वर, मधले ०.५ वर, दुबळे −१.५ वर. घरचं मैदान तूर्त बाजूला.

इंडियाना: तगडा एक (ओहायो स्टेट, तिथे ३८-१५ हार). मधले तीन: मिशिगन, वॉशिंग्टन, नेब्रास्का. दुबळे आठ.

अलाबामा: तगडे पाच (जॉर्जिया, टेनेसी, साउथ कॅरोलायना, एलएसयू, मिझूरी). मधले दोन: ओक्लाहोमा, व्हॅंडरबिल्ट, दोघांशी हार. दुबळे पाच, त्यांत नोव्हेंबरच्या मध्यावर एफसीएसमधला मर्सर, ५२-७. (इंडियानाने एफसीएसमधल्या वेस्टर्न इलिनॉयला ७७-३ धुतलं म्हणून हसणाऱ्यांनी हीही ओळ वाचावी.)

तगड्यांची ताकद १.५ धरली, म्हणजे संदर्भ-संघ त्यांना ६२ टक्के वेळा हरवेल. तर इंडियानाच्या वेळापत्रकात त्याचे अपेक्षित विजय १०.८४, प्रत्यक्षात ११: जमा ०.१६. अलाबामाच्या वेळापत्रकात अपेक्षित ९.६०, प्रत्यक्षात ९: तूट ०.६०. अलाबामाचं वेळापत्रक सव्वा विजयाने अवघड होतं, यात वाद नाही. पण फरक दोन विजयांचा होता.

तगड्यांची ताकद संदर्भ-संघाइतकीच, २ धरली तर? इंडियाना जमा ०.२८, अलाबामा जवळपास शून्य. अजूनही इंडियाना.

२.५ धरली तर? इंडियाना जमा ०.४०, अलाबामा जमा ०.६२. पारडं फिरलं.

नेमकं कुठे फिरतं ते काढलं. संदर्भ-संघाची तगड्या प्रतिस्पर्ध्याशी जिंकण्याची शक्यता ४३ टक्क्यांच्या खाली गेली की अलाबामा पुढे, वर राहिली की इंडियाना. सगळा वाद या एका आकड्यावर येऊन बसला.

आणि तो आकडा कशावरून ठरवायचा? जॉर्जिया आणि टेनेसी उंबरठ्यावरच्या संघापेक्षा भारी, हे मीही मान्य करीन. ८-४ वाल्या एलएसयूसकट पाचही तसे होते का? एसईसीच्या आतल्या निकालांवरून एवढंच कळतं की ते एकमेकांच्या तुलनेत कुठे आहेत. सगळी कॉन्फरन्स मिळून किती उंचीवर आहे ते बाहेरच्या सामन्यांतूनच कळणार, आणि बिग टेनशी थेट ताडायला ८ जूनच्या नोंदीतले ते चार सामने आहेत. त्यातला एक एलएसयूच हरलेली.

माझं मत: इंडियाना. ठामपणे नाही, पण ४३ टक्क्यांचं ओझं दाखवून देण्याची जबाबदारी समोरच्याची.

भाऊ: "तू रेफरी पण आणि खेळाडू पण."

२० जुलै

एफसीएसचे सगळे संघ एकाच ठिपक्यात कोंबायचे की नाही? सोपं आहे, पण चूक आहे. २०२४ मध्येच मॉन्टॅना स्टेटने न्यू मेक्सिकोला आणि आयडाहोने वायोमिंगला हरवलं. २००७ मध्ये ॲपलाचियन स्टेटने मिशिगनला ३४-३२ हरवलं ते तर इथल्या लहान मुलांनाही माहीत. पूर्ण एफसीएसचे निकाल घेतले. फाइल मोठी झाली, एवढंच.

२६ जुलै

जुन्या हंगामांवर संदर्भ-संघाची कसोटी. दोन अपराजित संघ मुद्दाम घेतले.

यूसीएफ २०१७: १२-०, समितीच्या यादीत बारावा. तेव्हाच्या चार संघांच्या प्लेऑफच्या आसपासही नाही. मग पीच बोलमध्ये त्यांनी ऑबर्नला ३४-२७ हरवलं. त्याच ऑबर्नने त्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया आणि अलाबामा या दोघांनाही हरवलं होतं, आणि अंतिम सामना खेळले तेच दोघे. कॉली मॅट्रिक्सने हंगामाअखेर यूसीएफला पहिलं ठेवलं. त्याआधीच विद्यापीठाने स्वतःला राष्ट्रीय विजेता घोषित केलं होतं, मिरवणूकही काढली होती.

लिबर्टी २०२३: १३-०, समितीच्या यादीत तेविसावा. ऑरेगनशी ४५-६ हार.

दोघांना 'दुबळं वेळापत्रक' हाच शिक्का होता. संदर्भ-संघाच्या पद्धतीत प्रश्न बदलतो: उंबरठ्यावरचा संघ या वेळापत्रकात न हरता बाहेर पडण्याची शक्यता किती? ती जितकी कमी, तितका अपराजित राहण्याला मान. हे उत्तर दोघांना वेगवेगळं मिळू शकतं, सरसकट हिणवणं होत नाही. न हरलेल्या संघाला आणखी जिंकणं शक्यच नव्हतं. त्याच्या नावावर वेळापत्रकाची सरासरी टाकून मोकळं होणं मला न्याय वाटत नाही. तगडे संघ अशांच्या मैदानावर खेळायला येत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

पण ही पद्धत 'कोण चांगला' हे सांगत नाही, 'कोणी कमावलं' एवढंच सांगते. २०२३ ला समितीने उलट केलं. फ्लोरिडा स्टेट १३-०, एसीसी विजेता. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जखमी झाला, आणि संघ पाचव्या क्रमांकावर बाहेर. चौथी जागा १२-१ वाल्या अलाबामाला. समितीच्या नियमांत दुखापतींचा विचार करण्याची मुभा आहे, त्यामुळे नियमभंग नव्हता. नंतर फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाशी ६३-३ हरला तेव्हा बरेच जण म्हणाले, बघा, समिती बरोबर होती. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे किती खेळाडू उतरलेच नव्हते ते मोजलं नाही कोणी. माझ्या पद्धतीत तेरा सामने झाले ते झाले. चौदावा कसा झाला असता याला रकाना नाही.

३ ऑगस्ट

काठिण्यपातळी प्लेऑफच्या आतही असते. २०२४ च्या नियमात पहिली चार मानांकनं चार कॉन्फरन्स विजेत्यांना. त्यामुळे नवव्या क्रमांकाचा बॉइझी स्टेट तिसरं मानांकन घेऊन बसला, बाराव्या क्रमांकाचा ॲरिझोना स्टेट चौथं. चौघांना पहिली फेरी माफ.

परिणाम बघा. अपराजित, पहिल्या क्रमांकाचा ऑरेगन: पहिलाच सामना ओहायो स्टेटशी, ज्याला ऑक्टोबरमध्ये ३२-३१ असं जेमतेम हरवलं होतं. हरला ४१-२१. पेन स्टेट, ज्याला ऑरेगनने कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ४५-३७ हरवलं: आधी घरच्या मैदानावर एसएमयू, मग बॉइझी स्टेट. उपांत्य फेरीत. विजेत्याला खडक, उपविजेत्याला उतार.

फेरी माफ झालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. मे महिन्यात नियम बदलला: आता मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे. तो २०२४ ला लावून पाहिला. ऑरेगनपुढे इंडियाना-बॉइझी स्टेट यांतला विजेता आला असता, आणि ओहायो स्टेट टेक्ससच्या वाटेत. सुधारणा चांगलीच आहे.

ओहायो स्टेट टेनेसी, ऑरेगन, टेक्सस आणि नोटर डेम यांना ओळीने हरवून विजेता झाला. क्रमवारीत सहावा होता. जुन्या चार संघांच्या पद्धतीत त्याने जानेवारी घरी काढला असता.

२० ऑगस्ट, बुधवार

प्लेऑफवाल्यांनी आज जाहीर केलं: समितीपुढच्या आकडेवारीत वेळापत्रकाच्या मोजमापात तगड्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना जास्त वजन मिळणार, आणि 'रेकॉर्ड स्ट्रेंग्थ' नावाचं नवं मोजमाप येणार. तगड्याला हरवलं की मोठं बक्षीस, त्याच्याशी हरलं की छोटा दंड. दुबळ्याच्या बाबतीत उलट. म्हणजे २९ जूनचं जमा-वजा खातं आणि ६ जुलैचा खडबडीतपणा, दोन्ही. फक्त सूत्र जाहीर नाही. तेरा सदस्य ते बघून पुन्हा मतच देणार. २०१० चा तो राहिलेला सामना या व्यवस्थेत कोणी शोधू शकणार नाही, ही माझी तक्रार.

२१ ऑगस्ट

एका दिवसात दुसरी बातमी: एसईसी २०२६ पासून आत नऊ सामने खेळणार. शिवाय प्रत्येक संघाने दर वर्षी एक बाहेरचा सामना एसीसी, बिग टेन, बिग ट्वेल्व किंवा नोटर डेमशी ठेवायचा.

हिशेब: सोळा संघांचे सोळा बाहेरचे सामने गेले, त्यांच्या जागी आठ आतले आले. हमखास आठ जास्तीच्या हारी. १५ जूनचा तो फुकटचा अर्धा विजय संपला. भावाचा मेसेज, "आता तरी गप्प बसशील". हो. पण माझ्या जाळ्याचं दुखणं वेगळं आहे: बाहेरच्या जागा चारवरून तीनवर आल्या. त्या तीनांतला एकच मोठ्या कॉन्फरन्सकडे गेला तर एसईसी आणि बिग टेनमधल्या रेघा चाराच्या फार पुढे जाणार नाहीत. आत नवव्यांदा भांडून आपली उंची बाहेरच्याला कळत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

हंगाम सुरू. काल फ्लोरिडा स्टेटने अलाबामाला ३१-१७ हरवलं. ओहायो स्टेटने टेक्ससला १४-७. इंडियानाने ओल्ड डोमिनियनला २७-१४; पुढे केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट. बाहेरचं वेळापत्रक यंदाही पुचाट आहे, आणि हे मी स्वतःहून लिहिते आहे.

मॉडेलला सुरुवातीला मागच्या वर्षीचे आकडे द्यायचे का, हा निर्णय लांबणीवर होता. अलाबामाने तो सोपा केला. मागच्या वर्षीचे आकडे घातले तर फ्लोरिडा स्टेट २-१० वाला संघ, आणि कालची हार भयंकर. २०२४ च्या सुरुवातीला उलटं झालं होतं: जॉर्जिया टेकने डब्लिनमध्ये फ्लोरिडा स्टेटला २४-२१ हरवलं तेव्हा ते दहाव्या क्रमांकावर होते, आणि तो विजय केवढा वाजला. डिसेंबरपर्यंत तो २-१० वाल्याला हरवणं एवढाच उरला. २०२३ मध्ये हाच संघ १३-०. तीन वर्षांत तीन वेगळे संघ, जर्सी एक.

मागचं वर्ष घालायचं नाही. सगळे शून्यापासून, एक काल्पनिक विजय आणि एक काल्पनिक हार घेऊन. याचा अर्थ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत क्रमवारी छापण्यालायक नसेल, आणि छापणार नाही. भावाने आजच विचारलं, "अलाबामा कितवी?" त्याला सांगितलं की सध्या मॉडेलच्या मते अलाबामा एका सामन्यात एक हार आहे, बाकी काही नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत एसईसी-बिग टेनच्या आणखी दोन रेघा: ६ सप्टेंबरला मिशिगन ओक्लाहोमाच्या मैदानावर, १३ ला विस्कॉन्सिन अलाबामाच्या. दोन्हींच्या ओळी फाइलमध्ये गुण रिकामे ठेवून घातल्या आहेत.